चक्कर आजीला येते

मुलं तिला ‘डोळेवाली मॅडम’ म्हणतात, हॉस्पिटलातले सहकारी ‘इन्स्पेक्टर’ म्हणतात आणि नवरा सोयीप्रमाणे दोन्ही म्हणतो. डोक्याला मार बसलेल्या मुलांचा तोल आणि डोळ्यांची हालचाल तपासणं हे तिचं काम. पदवी फिजिओथेरपीची असली तरी स्वभाव पोलीस चौकीतला. मूल दारातून आत येताना ते चौकटीला हात लावतं का, खुर्चीत बसताना आधी खाली बघतं का, हे तिने टिपलेलं असतं. ‘ये बाळा, बस’ हे त्यानंतर.

खोली कॉरिडॉरच्या टोकाला, लाँड्रीला लागून. जमिनीवर चिकटपट्टीची सरळ रेघ, कोपऱ्यात फोमची जाड गादी, भिंतीवर अक्षरांचा तक्ता, टेबलावर टिकटिक करत ताल देणारा मेट्रोनोम आणि आइस्क्रीमच्या दोन काड्या. एका काडीच्या टोकाला लाल ठिपका, दुसरीच्या निळा. आई-बाप हे सामान बघून हिरमुसतात. त्यांनी नुकतंच मोठ्या मशीनमधून मूल काढून आणलेलं असतं, रिपोर्ट स्वच्छ असतो, आणि आता ही बाई काडी घेऊन बसलीय. पण मशीनमध्ये मूल निपचित पडलेलं असतं. मान वळली की डोळ्यांनी तेवढंच उलट वळून नजर जागेवर धरायची असते. डोक्याला धक्का बसल्यावर हे काम कधी कधी बिघडतं, आणि ते हलल्याशिवाय कळत नाही.

हलवलं तरी मूल खरं सांगेल याची खात्री नाही, हे ती अनुभवाने शिकली. फोमवर एका पायावर उभं राहताना मुलं जीभ चावून धरतात. काडी नाकाजवळ आणली की एक डोळा हळूच मिटतात, म्हणजे एकाच्या दोन दिसत नाहीत. बाहेर बाकावर नंबर लागेपर्यंत तक्ता पाठ करतात, म्हणून तिने दाराला पडदा लावला. एका पठ्ठ्याने तर खेळाचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या तपासणीत, ठणठणीत असताना, मुद्दाम झोकांड्या खाल्ल्या होत्या. पुढे मार बसलाच, तर तुलनेत आपण बरे दिसू, हा हिशोब. तेव्हापासून तिने विश्वास ठेवणं सोडलं. घरीही. नवरा म्हणतो, “हिच्यासमोर नुसतं ‘बरा आहे’ म्हणायची सोय नाही. लगेच डोळ्यांपुढे बोट नाचवते.”

एके दिवशी आली अकरा वर्षांची एक मुलगी, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. चेंडूवर झेपावताना गोलच्या खांबाला कानशील आपटलं होतं, त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. सोबत तिचा काका. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. हाच संघाचा प्रशिक्षक, आणि रविवारी अंतिम सामना.

काका, शिट्टी, रविवार. या इन्स्पेक्टर बाईंच्या मनात शंकेचं बी पडायला इतकं पुष्कळ होतं. खेळायची परवानगी डॉक्टर देणार, पण बाईंचा शेरा वाचूनच.

“मॅडम, नीट बघा हां,” काका म्हणाला.

“बिननीट बघायची पद्धत नाही इथे,” बाई म्हणाल्या.

मुलगी रेघेवरून टाचेला पंजा लावत सरळ गेली. फोमवर उभी राहिली, थोडी डगमगली, सावरली. लाल ठिपक्यामागे डोळे व्यवस्थित फिरले. लाल-निळा-लाल अशी नजर उडवतानाही गडबड नाही. प्रत्येक प्रकारानंतर बाई ठरलेले प्रश्न विचारत: डोकं दुखतंय? चक्कर येतेय? मळमळतंय? शून्य ते दहामध्ये सांग.

“शून्य. शून्य. शून्य.”

“सगळंच शून्य?”

“हो.”

“बये, माझं स्वतःचं कधी सगळं शून्य नसतं.”

मुलगी हसली नाही. काकाकडे तिने एकदा पाहिलं. काकाने घसा खाकरला. बाईंनी दोन्ही नोंदवलं.

मग मेट्रोनोम. टिकच्या तालावर मान डावी-उजवी, नजर मात्र समोरच्या एका अक्षरावर. मुलीने सुरुवात केली आणि बाईंना हवं ते दिसलं. डोकं डावीकडे गेलं की डोळे अक्षरावरून घसरत होते आणि धावत परत येत होते. बुटांच्या आत बोटं आवळल्याचंही कळत होतं. थांबल्यावर मुलीचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा.

“चक्कर?”

“नाही.”

“खरं सांग.”

“खरंच नाही. चक्कर नाही येत.”

आवाज इतका साधा, इतका बेधडक, की बाईंची खात्रीच पटली. एवढ्याशा पोरीला असं खोटं आपोआप जमत नाही, कुणीतरी पढवून घेतलंय. त्यांनी काकाला खुणेने बाहेर बोलावलं आणि दार ओढून घेतलं. लाँड्रीवाल्याची गाडी चादरींचा ढीग घेऊन मधूनच गेली, ती जाईपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले.

“किती दिवस तालीम घेतलीत?” बाईंनी विचारलं.

“फुटबॉलची?”

“उत्तरांची. शून्य, शून्य, शून्य. पोर पोपटासारखी बोलतेय. डोळे तिचे वेगळंच सांगतायत आणि तोंड वेगळं. रविवारच्या सामन्यासाठी पुतणीचं डोकं पणाला लावताय, लाज वाटत नाही?”

काकाच्या तोंडून शब्द फुटले ते सगळे एकदम.

“अहो मॅडम, मी पढवीन? घरात हिचे आई-बाप म्हणतायत, रिपोर्ट नॉर्मल आहे, खेळू दे. ही म्हणतेय, मला काहीच होत नाही. एकटा मी बोंबलतोय की काहीतरी बिनसलंय! डावीकडून चेंडू आला की ही उशिरा झेपावते. आधी असं नव्हतं. माझ्याकडे दुसरा गोलकीपर नाही, तरी मीच हिला इथे ओढून आणलंय. वहिनी म्हणाली, भावोजी, तुम्हाला उगाच शंका येतात. आणि तुम्ही इथे मलाच चोर ठरवा!”

“मग खाकरलात कशाला मघाशी?”

“घसा बसलाय. मैदानावर ओरडतो मी. पोट त्याच्यावरच आहे.”

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. माणूस खरं बोलत असावा असं वाटलं, आणि त्यामुळे त्या जास्तच अस्वस्थ झाल्या. काका पढवत नव्हता, आई-बापांना काही माहीत नव्हतं, तर मग पोर खोटं बोलायला शिकली कुठून? की ती खोटं बोलतच नव्हती?

त्या आत आल्या. मुलगी खुर्चीत बसून जमिनीवरच्या रेघेकडे एकटक बघत होती. या वेळी बाई टेबलापलीकडे न बसता तिच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

“चक्कर म्हणजे काय, माहितेय तुला?”

“हो. आजीला येते.”

“कशी येते?”

“ती पडते. डोळे पांढरे होतात. मग बाबा तिला दवाखान्यात नेतात आणि ॲडमिट करतात. मला नाही येत तशी. मी पडतच नाही.”

“बरोबर. तू पडत नाहीस. मघाशी मान हलवताना काय झालं मग?”

“मला काही नाही झालं.”

“तुला नाही. खोलीला?”

मुलीने भिंतीकडे बोट केलं. “भिंत पळते.”

“आणि थांबलीस की?”

“ती जरा वेळ पळतच राहते. वर्गातला फळापण पळतो. पण ते त्यांचं आहे ना, माझं नाही.”

इतकी वर्षं बाईंनी ‘चक्कर’ हा एकच शब्द टाकून प्रश्न विचारला होता आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलांकडे डोळे बारीक करून पाहिलं होतं. घरोघरी चक्कर ही म्हाताऱ्या माणसांना येते, तिच्यात माणूस कोसळतो, पळापळ होते. पोरांनी ‘नाही’ म्हणू नये तर काय म्हणावं? त्यातले लबाड किती आणि खरे किती, हे आता कुणाला ठरवता येणार नव्हतं.

“दहापैकी किती पळते?” त्यांनी विचारलं.

“आता? सात.”

शेरा सरळ होता: रविवारी नाही. मान आणि नजर यांचे व्यायाम रोज करायचे, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. काकाने मान डोलावली, शिट्टी खिशात घातली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. शंका खरी ठरल्याचा आनंद त्याला झालेला दिसला नाही. मुलीला मात्र आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती ताडकन उठली, आणि उठताना टेबल धरावं लागलं.

“तुम्ही फसवलंत मला! तुम्ही भिंतीचं विचारलंत आणि माझ्या नावावर लावलंत!”

“तुझंच आहे ते, राणी.”

“मग आधी सांगायचं ना, कशासाठी विचारताय ते!”

बाईंनी आधी सांगितलं असतं, तर पोरीने भिंतीचं सांगितलंच नसतं.

अंतिम सामना संघ हरला. गोलमध्ये एका बचावपटूला उभं केलं होतं. हे काकाने दोन आठवड्यांनी, विचारलं नसताना सांगितलं. मुलीने व्यायाम केले होते, रंग सुधारला होता. शाळेत ती फळ्यावरचं आता न थांबता उतरवून घेते, असं वर्गशिक्षिकांनी आईला कळवलं होतं. आत येताना मुलीने दाराची चौकट धरली नाही.

या वेळी बाईंनी ‘चक्कर’ हा शब्द काढलाच नाही. मेट्रोनोम थांबवून त्यांनी विचारलं, “भिंत पळाली?”

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. बाई ज्या नजरेने मुलांकडे बघतात, तीच नजर आता समोरून येत होती.

“नाही पळाली म्हटलं तर शनिवारी सराव?”

“बघू.”

“मग नाही पळाली. जागची हललीसुद्धा नाही.”

काका कोपऱ्यात हसला. बाई हसल्या नाहीत. आता हाही शब्द गेला कामातून, हे त्यांच्या लक्षात आलं; या पोरीपुरता तरी. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मेट्रोनोम पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “परत एकदा. या वेळी तोंड बंद.”

मान डावीकडे गेली. बाई तिच्या बुबुळांकडे बघत राहिल्या. नजर अक्षरावर टिकली, टिकली, आणि शेवटच्या दोन टिकांत एकदा निसटली.

“पळाली,” बाई म्हणाल्या.

मुलीने ओठ दाबून धरले. मग भिंतीकडे तिरप्या डोळ्याने पाहत, नाइलाजाने म्हणाली, “थोडीशीच.”