चिबडातली पाणकोंबडी

गावातलं तळं वेगळं, दलदल वेगळी आणि आमचं चिबड वेगळं, हे सोलापूरच्या पाहुण्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तळ्यात नुसतं उघडं पाणी. दलदलीत पाण्यातच गवत उभं. आणि चिबड म्हणजे चांगलं रान नासून झालेली दलदल! कुंभारीच्या आमच्या रानात वरच्या उसाचं पाणी झिरपलं आणि खालचा तुकडा असाच हातचा गेला. ज्वारी जाऊन लव्हाळा माजला.

त्याचा घोर माझ्या सासऱ्यांना. आम्ही त्यांना मामा म्हणतो. काचबिंदूनं त्यांची नजर चाललेली, डॉक्टरांनीही हात टेकलेले. "डोळं हायत तवर त्या तुकड्यात ज्वारी बघायची हाय," एवढंच त्यांचं मागणं. म्हणून गणपती झाल्यावर चर खणायला मशीन बोलावलं.

मशीन बांधावर आलं आणि मला लव्हाळ्यात पाणकोंबडीचं घरटं दिसलं. "अगं बाई, अंडी!" मी बोलून गेले. झालं! मामा चाचपडत मशीनपुढं जाऊन उभे राहिले.

"पिल्ली निघू द्या. मग खणा."

"मामा, पेरणी हुकंल की! आन् तुमचे डोळे?"

"ती भरवशानं बसलीय, पोरी. उठवू नगा."

मशीनवाला दुसऱ्या गावाला गेला तो तिकडंच अडकला. पेरणी हुकली ती हुकलीच. मी आठवडाभर भांडी आपटली. एका पाखरापायी! राग कसला, मामांसाठी जीव तुटत होता माझा.

पुढच्या उन्हाळ्यात चर खणले. पाणी निघून गेलं, लव्हाळा काढला, आणि थंडीत ज्वारी डोक्याच्या वर गेली. तोवर मामांना दिवस आणि रात्र एकच झाली होती. मी त्यांना हाताला धरून रानात नेलं. त्यांनी कणसं चाचपली, दाणे चोळून तोंडात टाकले. "लई ग्वाड हाय," म्हणाले आणि हसले. मग कान देऊन उभे राहिले.

"पाणकोंबडी वरडंना गं. कुटं गेली?"

"गेली असंल तळ्यावर."

"तितं नुसतं पाणी. गवत कुटं हाय? बसंल कुटं ती?"

वर्षभर ज्या पाखराला शिव्या घातल्या, त्याच्यासाठी भर रानात माझ्या डोळ्यांना धार लागली. बरं झालं, मामांना दिसलं नाही.