पेन्सिलबाईंचा श्वास

रोज सकाळी, कुणाशी एक शब्दही बोलण्याआधी, आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून एका श्वासात आकडे मोजायची. एक, दोन, तीन... मागे गॅसवर दूध असायचं. लहानपणी लेक पांघरुणातून ते ऐकायची आणि आपलाही श्वास रोखून धरायची. लेक सतराला हरायची. आई साठाच्या पुढे जायची, आणि दूधही उतू जाऊ द्यायची नाही.

आईचं पोट गळ्यावर होतं, पण तिचं गाणं बाजारात कधी आलं नाही. संगीतकाराची चाल पक्की झाली, की ती आधी आईकडून गाऊन घेत. ते ऐकून मोठ्या गायिका चाल बसवत, सवडीनं येऊन आपल्या आवाजात गात, आणि त्याच दिवशी आईचं गाणं पुसून टाकलं जाई. म्हणून स्टुडिओत सगळे तिला पेन्सिलबाई म्हणायचे. आधी पेन्सिलीनं रेघ काढायची, वरून शाई फिरवायची, मग खोडरबर. नाव ठेवलं होतं जुन्या रेकॉर्डिंगवाल्यानं. आईला त्याचं काही वाटत नसे. "टोक काढत राहायचं, झालं," म्हणायची.

वाटायचं ते लेकीला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिथे दिवसभर रेडिओ चालू असे, आणि आईनं आठवडाभर घरात घोळवलेली चाल एक दिवस दुसऱ्याच गळ्यातून बाहेर पडे. एकदा न राहवून ती एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "हे गाणं आधी माझ्या आईनं गायलंय."

"हो का? मग विमान माझ्या आजोबांनी शोधून काढलं," गिऱ्हाईक म्हणालं. सगळं दुकान हसलं. लेकीनं कानाला खडा लावला.

मग ते निरोपाचं गाणं आलं. त्या वर्षी खिडकीतले आकडे चाळिसावर आले होते. हवा कोंदट आहे, असं आई म्हणायची. काचेच्या खोलीत गाताना "निरोपाच्या" या एका शब्दात तिचा दम संपला. "निरो" म्हणून तिला थांबावंच लागलं; श्वास घेतला आणि उरलेला शब्द पुरा केला. आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली, तर संगीतकार काचेपलीकडून हात हलवत होता. "पेन्सिलबाई, राहू दे! मोठ्या बाईंनाही इथेच श्वास घ्यायला सांगतो."

घरी येऊन आई म्हणाली, "इतकी वर्षं बिनचूक गायले, कुणी हूं की चूं केलं नाही. आज चुकले, तर शाबासकी."

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. कंपनीनं तर त्या श्वासाचीच जाहिरात केली. बसथांब्यांवर मोठ्या बाईंचे मिटलेले डोळे आणि खाली, 'तो एक श्वास ऐकलात?' गाण्यांच्या स्पर्धेत चिमुरड्या मुली नेमक्या त्याच जागी छातीवर हात ठेवून श्वास घेऊ लागल्या. रेडिओवर एका जाणकारांनी पाऊण तास समजावून सांगितलं, की त्या अर्ध्या शब्दात जन्माचा विरह कसा साठला आहे.

आई मटार सोलत ऐकत होती. "विरह कसला डोंबलाचा! दम लागला होता मला," म्हणून ती हसली. हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. मटार घरभर झाले.

फुप्फुसं आतून वाळत चालली आहेत, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभरात आई दवाखान्यातल्या खाटेवर आली. सकाळचं मोजणं तिथेही चालू होतं. आता ते अकरावर थांबायचं. बोलणं कुजबुजीइतकं उरलं.

तेव्हा लेकीच्या लक्षात आलं, की घरात आईच्या गळ्याची एकही खूण नाही. रोजचं गाणं कोण कशाला टिपून ठेवील? आता तिला एकच हवं होतं: ते निरोपाचं गाणं, आईच्या आवाजात, आई आहे तोवर. सुट्टी टाकून ती रेकॉर्डिंगवाल्याकडे गेली.

"पुसलं गं पोरी," तो म्हणाला. "ठेवलं तर लोक ताडून बघतात, मग मोठ्यांना राग येतो. माझ्याच हातानं पुसलं."

त्याचा चष्मा सारखा घसरत होता. तिनं तो सवयीनं काढून घेतला, दांडी जराशी वाकवली आणि परत त्याच्या नाकावर बसवला. तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बस."

त्यानं ते गाणं लावलं आणि एकेक वाद्य बंद करत गेला. तबला गेला, व्हायोलिनं गेली. शेवटी मोठ्या बाईंचा आवाजही गेला. पडद्यावरची पट्टी नुसतीच सरकत राहिली. आणि मध्येच, कुणी दारात येऊन थबकावं तसा, एक श्वास ऐकू आला.

"बाईंनी पंधरा वेळा घेऊन पाहिला," तो म्हणाला. "दर वेळी नाटकी वाटायचा. शेवटी तुझ्या आईचा तेवढा उचलून बसवला. कुणाजवळ बोललो नाही. तिच्याजवळही नाही."

"एवढंच आहे?"

"एवढंच."

दुपारी दवाखान्यात लेकीनं तो श्वास भरून आणलेला फोन आईच्या कानाशी धरला. आईच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकून ती म्हणाली, "माझाच की हा. खोकला दाबलाय बघ, शेवटी कळतोय."

"आई, गाण्यात तूच आहेस. सगळ्यांनी ऐकलाय हा."

आई नुसती हसली. तेवढ्यानंही तिला धाप लागली. लेकीला थांबवेना. तिनं तो श्वास पुन्हा लावला, मग पुन्हा, प्रत्येक वेळी थोडा मोठा करून, जणू मोठा केला तर त्याच्या पुढचं गाणंही ऐकू येणार होतं. आईनं तिच्या मनगटावर हात ठेवला. त्यानंतरचे चार दिवस नुसत्या खुणांचे गेले. आईचं नीट ऐकू आलेलं शेवटचं वाक्य त्या दुपारचं.

"बारीक कर गं. पलीकडच्या बाई आत्ता कुठे झोपल्यात."