शिवगंगाकाकूनं दुकान मोडलं

उदगिरात आमच्या शिवगंगाकाकूचं बांगड्यांचं दुकान होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते कसं चाललं हे सांगितलं, तर लोकांना थट्टा वाटते. बाया दुष्काळी कामावर खडी फोडायच्या, हातातल्या बांगड्या फुटायच्या, आणि मोकळ्या हातानं घरी कसं जायचं? मग काकूकडे यायच्या. बांगडी चढताना हात दुखतो, म्हणून बाईला हसवायला काकू उखाणा जुळवून म्हणायची. पुढेपुढे बाया एक बांगडी भरून दोन उखाणे न्यायला लागल्या.

दुकान मोडावं आणि नुसतं लिहीत बसावं, हा काकूचा ध्यास. तिचे यजमान सिद्रामप्पाकाका गिऱ्हाइकांसमोरच म्हणायचे, "हिला काय झालंय? दुष्काळात या दुकानानं जगवलं. उखाण्यानं चूल पेटती का?" मला काकांचा असा राग यायचा! काकू मात्र खाली मान घालून बांगड्या लावायची.

ब्याऐंशीला उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला आणि उदगीर त्यात गेलं. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या दानम्माचं लग्न लागलं. साखरपुडा जुन्या जिल्ह्यात झालेला, तेव्हाच काकूनं तिला उखाणा शिकवला होता. त्यात 'उस्मानाबाद जिल्ह्याची लेक' असं होतं. पोरीनं तोच घडाघडा म्हटला. वरपक्षाची एक खोडसाळ म्हातारी ओरडली, "अगं बया, नवरी परजिल्ह्यातून आणली की काय?" मांडवभर हशा पिकला. दानम्माचे डोळे भरून आले.

काकू बायकांतून वाट काढत पुढे गेली आणि तिच्या कानाला लागली. दानम्मानं नाक पुसलं आणि म्हणाली,

"जिल्हा बदलला सरकारनं, गाव राहिलं तिथंच;
गुरुपादप्पांचं नाव घेते, सासर-माहेर इथंच!"

बायकांनी मांडव डोक्यावर घेतला. लातूरचा एक छापखानेवाला पंगतीतून उठून खरकट्या हातानं काकूला शोधत आला. "बाई, उखाणे लिहा, पाळणे लिहा, तुम्ही लिहाल ते मी छापतो."

घरी येताच काकू म्हणाली, "मी आता दुकान मोडणार."

"आन् फिरून दुष्काळ पडला तर?" काकांनी विचारलं.

"तर खडी फोडीन. पण लिहीन."

दुसऱ्या दिवशी काकांनीच दुकानाची पाटी उतरवली. मला वाटलं, रागानं उतरवली.

बाया सवयीनं येतच राहिल्या. एका दुपारी एक जण दारातून हाका मारायला लागली, "बांगड्या भरायच्या हाईत!" काकू आत लिहीत होती. मी उठणार, तोवर काकाच ओसरीवरून उठले.

"दुकान बंद हाय. आन् जरा हळू बोला. त्या लिहायल्यात."

आत काकूचा पेन थांबला. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "त्या कोण गं?"

"तू," मी म्हणाले.