राजाने खाल्लेलं तोरण

अमरावतीत शेजाऱ्यांच्या दारावर काल आंब्याच्या पानांचं ताजं तोरण लागलं. तो वास आला आणि मी जिन्यातच खदखदून हसलो. क्षणात मी लहानपणीच्या, मामाच्या हिवरखेडच्या पोळ्यात!

त्या वर्षी वेशीवर बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण तोडून बैलांची पहिली जोडी नेण्याचा मान माझ्या मामाला प्रथमच मिळाला होता. बैल चपळ राहावा म्हणून मामाने लाडक्या राजाला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. डफडं कडाडलं. रंगवलेली शिंगं मिरवत राजा झोकात तोरणापाशी आला, थांबला, आणि मान उंचावून निवांत पानं खाऊ लागला! मामा कासरा ओढून घामाघूम. मागे सगळ्या गावाच्या जोड्या खोळंबल्या.

"अबे, तोरण तोडाले आणला का चाराले?" कोणीतरी ओरडलं.

तेवढ्यात मामी पुरणपोळी घेऊन पुढे घुसली. "उपाशी ठेवलं त्याले, मंग काय तो आरती म्हणीन?"

पोळीचा वास येताच राजाने अशी मुसंडी मारली की तोरण शिंगांत अडकून तुटलं. गावाने जल्लोष करत मामाला मानाचा फेटा बांधला, मामाने मिशीला पीळ दिला.

तेव्हा मीही मामाच्याच नावाने ओरडलो होतो. आज वाटतं, फेटा मामीला बांधायला हवा होता.