मेंदूचा डॉक्टर नसलेला मावसभाऊ

खरं बोलून इतकी बदनामी पदरात पाडून घेतलेला माणूस सबंध नंदुरबार जिल्ह्यात माझ्या मावसभावाशिवाय दुसरा सापडणार नाही. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तो उंदरांच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवतो. या पेशींच्या अंगावर म्हणे ग्राही असतात. ठरावीक स्निग्ध पदार्थाचा कण तिथे येऊन बसला की आत निरोप जातो आणि शेजारच्या पेशीशी सांधा जुळवायचा की नाही, हे ठरायला मदत होते. हे तो भेटेल त्याला सांगतो. न्हाव्याला सांगतो, भाकरीवर तूप वाढणाऱ्या माझ्या आईला सांगतो. एकदा तळोद्याच्या जीपमध्ये जागेवरून भांडण जुंपलं आणि एकाने दुसऱ्याला दरडावलं, "तुन्हा डोकामा चरबी चढनी का?" हा मागे वळून शांतपणे म्हणाला, मेंदूत चरबी भरपूरच असते, आणि असावीच. भांडण राहिलं बाजूला, दोघंही याच्याकडे बघत बसले.

सुट्टीत आमच्याकडे धानोऱ्याला आला तरी ओट्यावर बसून लॅपटॉपवर हिरवे ठिपके मोजणार. एकेक ठिपका म्हणजे एकेक सांधा. आईने जेवायला हाक मारली की आकडा चुकतो, की पुन्हा पहिल्यापासून. लग्नघरी लोक मोबाइलमध्ये पोराबाळांचे फोटो दाखवतात, हा आपल्या पेशीचा दाखवतो. "हाई कितली नाजूक शे, देखा," म्हणताना त्याचा आवाज खरोखर हळवा होतो. मला या सगळ्याची लाज वाटायची, हे कबूल करून टाकतो.

म्हणूनच समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात त्याची पाळी आली, तेव्हा माइक मी हातात घेतला. वय छत्तीस, त्यात उंदीर आणि बशी सांगितली असती, तर एकाही मुलीच्या बापाने मान वर केली नसती. "मुलगा पुण्यात मेंदूचा मोठा डॉक्टर आहे," मी ठोकून दिलं. पीएच.डी. असल्यामुळे हे निम्मं खरंच आहे, अशी मनाची समजूतही घातली. टाळ्या पडल्या. तो मागच्या रांगेत एका काकांना ग्राही समजावत होता, त्याने ऐकलंच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अक्कलकुव्याहून एक बाई सहा वर्षांच्या पोरीला घेऊन दारात उभी. पोरीला झटके यायचे. नंदुरबारच्या डॉक्टरांची महिनाभर आधी मिळालेली तारीख नेमकी त्याच दिवशी होती. ती सोडून बाई इकडे आली होती. "इतला मोठा डाक्टर आपला समाजमा शे, मंग तठे काबरं जावानं?" ती म्हणाली.

भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. मी तिथेच तोंड उघडायला हवं होतं. मी पोरीला पाणी आणायला घरात गेलो. आत मला त्याचं बोलणं ऐकू आलं.

"मी इलाज करनारा डाक्टर नही शे, ताई. लोकेसले तसं वाटनं, अन् मी सांगं नही. चूक मन्ही शे."

तुमच्या अभ्यासातून काही औषध निघेल का, असं बाईने विचारलं. आज तरी नाही, पोरीला आजच तिच्या डॉक्टरकडे नेऊ या, असं म्हणून तो उठला. त्याने दोघींना जीपमध्ये बसवलं, दवाखान्यात खिडकीवर हात जोडले आणि शेवटचा नंबर लागेपर्यंत पोरीला मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिला.

समाजात बोभाटा झाला, तो त्याच्या नावाचा. याने बिचाऱ्या मोठ्या भावालाही, म्हणजे मलाही, फसवलं, असं लोकांनी ठरवून टाकलं, आणि मी ते ठरवू दिलं. दोन स्थळं यायची होती, ती आली नाहीत.

हल्ली तो गावाकडे येत नाही. रविवारी फोन करतो. या वेळी सांगून टाकू, माफी मागू, असं मी दर रविवारी ठरवतो. तेवढ्यात तो विचारतो, "ती पोर कशी शे?"

"बरी शे," मी सांगतो. केळीच्या कामाने मी महिन्यातून दोनदा अक्कलकुव्याला जातो. त्या बाईची गल्ली मला ठाऊक आहे. अजून एकदाही मी तिकडे वळलेलो नाही.