सहा वर्षांखालच्यांचा वकील

मला हवं असलेलं सगळं न मागता मिळालेला माणूस अख्ख्या पुण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा मावसभाऊ आहे. माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी लहान. उंची सहा फूट एक इंच, मिशी पोलीस भरतीला शोभेल अशी, आणि आवाज असा की तो बिबवेवाडीत शिंकला तर स्वारगेटला कंडक्टर डबल बेल देईल. तरीही त्या अकरा दिवसांचा मान राखून तो मला चारचौघांत 'ताई' म्हणतो. भर बाजारात हा एवढा गडी "ताई, जरा थांब" म्हणून ओरडला की भाजीवाल्या आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि माझ्या वयाचा अंदाज बांधायला लागतात. त्याच्यावर जळायला माझ्याकडे याहून मोठी कारणं आहेत.

या माणसाला सहा वर्षांखालच्या माणसांखेरीज जगात फारसं कोणी दिसत नाही. कोणाच्याही घरी गेला की चपला काढता काढता विचारतो, "घरात सहाच्या खालचं कोणी आहे का?" आहे म्हटलं तर हा जेवूनच उठणार, नाही म्हटलं तर चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवतो. मुलाशी बोलायचं तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बोलावं असं त्याचं मत, म्हणून मूल दिसलं की तो खाली बसतो. आता सवय इतकी जडलीय की मोठ्यांसमोरही फरशीवरच बसतो. एका लग्नात तो नवरीच्या मामांसमोर असा बसला, तेव्हा मामांनी गडबडून त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद देऊन टाकला. स्वारगेटला एकदा बसची पायरी दोन वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याच्या किती वर येते, हे तो वितीने मोजत राहिला आणि आम्ही तीन बस सोडल्या. चौथ्या बसच्या कंडक्टरने विचारलं, "साहेब, विकत घ्यायचीय का?"

पण सगळ्यांत छळणारी सवय थांबण्याची. अडीच वर्षांचं मूल 'मी ना... मी काल ना...' करत वाक्य जुळवत असतं, तेव्हा आपण ते वाक्य पुरं करून मोकळे होतो. हा करत नाही. फोन वाजू देऊन, तोंड किंचित उघडं ठेवून, शेवटच्या शब्दापर्यंत थांबतो. शेवटी त्या वाक्यातून काय निघतं, तर 'मी काल शी केली.' हा गंभीरपणे म्हणतो, "बरं झालं."

मी वेगळ्या घरात वाढले. विश्रांतवाडीच्या आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील कारखान्यातल्या युनियनचे. चौदा एप्रिल असो, संप असो की नळाला पाणी नसो, पत्रक आमच्याकडे लिहिलं जाई आणि शाई वाळायच्या आत मी ते मोठ्याने वाचून दाखवी. 'अ' अननसाचा हे मला शाळेत कळलं. घरी तो अन्यायाचा होता. त्यामुळे लहान मुलांचा प्रश्न म्हणजे आहार, पाळणाघरं, अंगणवाडी सेविकांचं मानधन, म्हणजे मागण्या. मी आजही तसंच मानते. मावसभावाने मात्र मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, चाकणला नोकरी धरली, आणि फाटकाबाहेर सफाईवाल्या बायकांची बाळं पुठ्ठ्यावर निजलेली बघून जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यापाशी जाऊन बसायला लागला. एक दिवस सुट्टी संपल्याचं त्याच्या लक्षातच आलं नाही. "मग लक्षात कधी आलं?" मी विचारलं. "पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. तिथून तो एका पाळणाघरात गेला, तिथून सेविकांच्या प्रशिक्षणात. त्याच्या करिअरची एवढीच वाट.

दिल्लीतल्या राष्ट्रीय संस्थेची जाहिरात मी शोधली होती. योजना आणि कायदे जिथे ठरतात तिथे लहान मुलांची बाजू मांडणारी संस्था, आणि महाराष्ट्रातून एकच जागा. तिच्यावर डोळा ठेवून मी तीन वर्षं पुण्यातल्या संस्थांसाठी कंत्राटावर लिहीत होते. अशा संस्थांमध्ये कोणत्या वाटा असतात याचा मी मोठा तक्ता केला होता. संशोधन, धोरण, प्रशिक्षण, प्रचार. कोण कुठून सुरुवात करतं, कशाला एम.ए. लागतं, कशाला नुसता अनुभव चालतो, सगळं त्यात होतं. फुशारकीने तो मावसभावाला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला.

"छान आहे गं ताई. यात मुलं कुठल्या रकान्यात आहेत?"

"मुलं सगळ्या रकान्यांच्या मागे आहेत."

"हां, मागे आहेत होय," तो म्हणाला, आणि माझ्याच लॅपटॉपवरून, मला स्पेलिंगं विचारत, त्यानेही अर्ज करून टाकला.

या कामाला आमच्यात 'जनवकिली' म्हणतात. लोकांच्या वतीने सत्तेपुढे बाजू मांडायची. तिला कोर्ट लागत नाही की काळा कोट लागत नाही. मावशीने त्यातला 'जन' वगळला आणि 'वकिली' तेवढी घेतली. अर्ज गेला त्याच आठवड्यात बिबवेवाडीच्या त्यांच्या सोसायटीत झालं की यांचा मुलगा वकील झाला. "अगं मावशी, तो वकील नाहीये," मी म्हटलं. "तुझं आपलं काहीतरीच," मावशी म्हणाली. "दिल्लीत काय कोर्ट नाही?"

त्याच सोसायटीच्या कोपऱ्यातल्या खोलीत पलीकडच्या वस्तीतल्या मुलांची अंगणवाडी भरते. सोसायटीचे सेक्रेटरी, एक निवृत्त मराठीचे मास्तर, ती खोली रिकामी करून घेणार असं कळलं आणि मी रीतीप्रमाणे पत्रक काढलं. 'चिमुकल्यांचा आवाज दाबणाऱ्यांनो, जबाब द्या.' चांगलं पत्रक होतं. फाटकावर लावलं, लोकांनी फोटो काढले. त्याचा परिणाम असा झाला की सेक्रेटरींनी रविवारच्या सभेत ठरावच आणायचं ठरवलं आणि माझ्यावर नोटीस काढायला ते वकील शोधत निघाले. सोसायटीत वकील एकच होता. मी मावशीच्या स्वयंपाकघरात पोहे खात होते तेव्हा दार वाजलं.

"वकीलसाहेब आहेत?"

मावशीने मला आतच थांबायची खूण केली. मास्तरांना खुर्ची दिली गेली. मावसभाऊ त्यांच्यासमोर फरशीवर बसला.

"आपण खाली का बसलात? पाठीचं दुखणं आहे का?"

"नाही काका, सवय आहे."

"कोर्टातही असेच बसता?" मास्तर म्हणाले. "असो. एका बाईने माझ्याविरुद्ध पत्रक काढलंय. 'चिमुकल्यांचा' आणि 'आवाज' इतपत ठीक. पण 'जबाब' पोलीस घेतात. तिथे 'जाब' हवं, निदान 'उत्तर' तरी."

"ती माझी ताई आहे."

"मग आपल्याला ही केस घेता येणार नाही."

"घेतो की. तुम्ही बोला."

आणि मास्तर बोलले. चाळीस मिनिटं. हा मध्ये एकदाही बोलला नाही. फोन दोनदा वाजून गेला. मास्तर नियमांबद्दल बोलले, पार्किंगबद्दल बोलले, मग थांबले. मी असते तर तिथेच त्यांना धरलं असतं. हा थांबला. बऱ्याच वेळाने मास्तर वेगळ्याच आवाजात म्हणाले, "गोंगाटाचं काही नाही हो. ती मुलं भाज्यांचं एक गाणं म्हणतात. रोज. आणि रोज तिसऱ्या ओळीत चुकतात. दोडका यायच्या आधीच भोपळा आणतात. मी वर गॅलरीत बसून रोज वाट बघतो, आज तरी दोडका येईल. येत नाही. छत्तीस वर्षं शिकवलंय मी. मला सहन होत नाही ते."

"मग उद्या खाली येऊन सांगा ना त्यांना," मावसभाऊ म्हणाला. "मी येतो सोबत."

ते गेले. सतरंजीवर बसवले गेले. दोडका आधी येतो हे त्यांनी पुराव्यानिशी समजावलं, आणि मुलांनी भोपळाच आणला. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले. रविवारी सभेत ठराव आलाच नाही, कारण तो मांडणारा माणूस म्हणाला की आपलं तिथलं काम अपुरं आहे. माझं पत्रक फाटकावर तसंच होतं. फक्त 'जबाब'मधला पहिला 'ब' कोणीतरी लाल पेनाने खोडला होता.

मुलाखतीत मी हाच प्रसंग सांगितला. म्हणाले, "मी पत्रक काढलं आणि अंगणवाडी वाचली." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांच्या मधली चाळीस मिनिटं, एक भोपळा आणि एक सहा फुटी माणूस तेवढा मी सोडून दिला.

चार दिवसांनी निवड समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंचा फोन आला. पुण्याच्याच होत्या, ते पहिल्या वाक्यात कळलं. "अहो, त्या दिवशी एकच अंगणवाडी आम्ही दोनदा वाचताना ऐकली. आपल्या भावाच्या गोष्टीत आपण होतात. त्यांनी सांगितलं, ताईच्या पत्रकाने काका चिडले नसते तर माझ्यापर्यंत आलेच नसते. आपल्या गोष्टीत भाऊ कुठे दिसले नाहीत. आपलं लेखन उत्तम आहे. कळवायचं म्हणून कळवलं."

जागा त्याला मिळाली. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याला ते कळलंही नाही, कारण तो दिवसभर अंगणवाडीत होता. संध्याकाळी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, तुझी आणि माझी मिळून निवड झाली असती तर बरं होतं." तो हे मनापासून म्हणतो, हीच अडचण आहे. त्याच्या नोकरीवर मी जळले, हे कबूल. दिल्लीवर जळले, तिथल्या दारावरच्या त्याच्या नावाच्या पाटीवर जळले. पण हे सगळं एकदाचं जळून संपेल. त्याला माझ्याबद्दल कधी काडीचीही असूया वाटली नाही, ते जळणं काही संपायचं नाव घेत नाही.

तो जाऊन दीड महिना झाला. परवा त्याचा फोन आला. मुंबईला मंत्रालयात द्यायच्या निवेदनाचा मसुदा त्याला मराठीत करायचा होता. "ताई, 'मागणी' आणि 'विनंती' यांच्या मधला एखादा शब्द आहे का गं? मागणी म्हटलं की साहेब दार लावून घेतात. विनंती म्हटलं की चहा पाजतात आणि विसरतात."

"मागणीच लिही," मी म्हणाले. "आपण भीक मागत नाही."

"बरं," तो म्हणाला. मी पुढे काही बोलेन म्हणून थोडा वेळ फोन धरून राहिला, मग ठेवला.

त्यानंतर मी शोधायला बसले. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, असा शब्द असता तर आपण इतकी वर्षं पत्रकं कशाला काढली असती. 'आर्जव' लिहून पाहिला, खोडला. 'साकडं' लिहिलं, ते देवाला घालतात, खोडलं. 'गाऱ्हाणं' खोडलं. सापडलाच तर तो त्याच्या निवेदनात जाईल, मंत्रालयात कोणाच्या तरी टेबलावर पडेल, आणि हा माणूस सगळ्यांना आधी सांगेल की शब्द आमच्या ताईचा आहे.

आज सकाळी 'हट्ट' असा शब्द लिहिला. तो अजून खोडलेला नाही. त्याला कळवलेलाही नाही. एक दिवस तरी माझ्याकडे राहू दे.