रिपेरला दिलेली सीडी

आमच्या ऑफिसात सर्व्हरच्या खोलीवर एक पाटी आहे: ‘सर्व्हरवर खासगी वस्तू ठेवू नये. हुकुमावरून, ज. ना. घरत.’ हुकूम कुणाचा, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. ज. ना. घरत म्हणजे कोन गावचे जगनकाका. पनवेलच्या आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत ते टायपिस्ट म्हणून लागले. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे त्याला घाबरून होते. काकांनी त्याला घरून कव्हर शिवून आणलं आणि तेवढ्या भांडवलावर ते कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख झाले. पुढे रात्रंदिवस पुस्तकं वाचून ते खरंच शिकले, हेही सांगायला हवं.

पण माणूस कडक. माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो मी सर्व्हरवर ठेवले होते. काकांनी ते सगळ्यांसमोर, माझ्याच हातून, एकेक करून पुसून घेतले. बत्तीस होते. मी विसरलेले नाही.

तर त्या सोमवारी गेटपास देणारं मशीन उठेना. हे मशीन खरोखरचं नव्हे. सर्व्हरच्या एका मोठ्या डब्याच्या पोटात अशी चार मशीनं चालतात. हाताला लागत नाहीत, पण वागतात अगदी खऱ्यासारखी. त्यांना सीडी घालायचा खणसुद्धा असतो, अर्थात नसलेला. जुना डबा भाड्याचा होता आणि आतलं सगळं पुसून तो त्याच दिवशी तीनच्या आत परत करायचा होता. म्हणून पुरवठादाराचा इंजिनियर अपूर्व याने शनिवारी नव्या डब्यात त्या मशीनचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करून ठेवली होती. ती नक्कल आता ढिम्म हलत नव्हती.

इकडे जासईच्या यार्डात पासविना ट्रक उभे. ड्रायव्हरांचे फोन माझ्या टेबलावर, आणि त्यांची भाषा मी इथे लिहिणार नाही. तोवर जुनं मशीन चालू करावं तर पासांचे नंबर दोन्हीकडे वेगळे पडतील, म्हणून त्याला काकांची सक्त मनाई.

क्लोन सुरू केला की पडद्यावर एक तांबडी खिडकी यायची. काका ती फटकन बंद करायचे. तांबडं इंग्रजी वाचत बसलं की माणसाचा धीर जातो, असं त्यांचं मत. अपूर्व दोनदा म्हणाला, ‘सर, काय लिहिलंय ते बघू तरी.’ पण माऊस काका कुणाच्या हाती देत नाहीत. त्यांनी मशीनची मेमरी वाढवली, नेटवर्क कार्ड बदललं, शेवटी नावही बदलून पाहिलं. अपूर्व बिचारा स्टुलावर बसून लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा चहा पीत राहिला.

साडेबाराला एका ड्रायव्हरने थेट काकांनाच फोन लावला. त्याला झापायला काकांनी माऊस सोडला, आणि तांबडी खिडकी पहिल्यांदाच उघडी राहिली. मी ती मोठ्याने वाचली, मराठी करून. ‘सीडीच्या खणातली फाइल सापडत नाही, म्हणून मशीन सुरू करता येत नाही. फाइलचं नाव, मालू हळद दोन हजार बारा.’

काकांनी ड्रायव्हरला अर्ध्यावर सोडून फोन ठेवला.

अपूर्वला हसू आवरेना. ‘कुणीतरी या मशीनच्या खणात हळदीची सीडी घालून ठेवलीय. ती फाइल राहिली जुन्या डब्यात, आणि क्लोन ती घेतल्याशिवाय उठायला तयार नाही.’ त्याने खण रिकामा केला, बटण दाबलं, आणि मशीन मिनिटभरात उभं राहिलं. जासईचे ट्रक हलले.

मला बत्तीस फोटो आठवले. ‘काका, ज्याने हे केलं त्याला शोधा,’ मी म्हटलं. ‘सगळ्यांसमोर पुसून घ्या.’

‘हां. काढतो शोधून,’ काका म्हणाले आणि पाणी प्यायला गेले. आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा अपूर्व जुना डबा पुसायला बसला होता.

‘थांब जरा,’ काका म्हणाले. ‘ती फाइल काढून घ्यायची हाय.’

‘पुरावा म्हणून?’ मी विचारलं.

‘मालू माझी आय हाय.’

मग सगळं बाहेर आलं. मालूआजी कोनची धवळारीण. आगरी लग्नात भटजीच्या आधी तिचा मान. हळदीला तीच धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणार. बारा साली काकांच्या धाकट्या बहिणीच्या हळदीला तिच्या गाण्याचं शूटिंग सीडीवर घेतलं होतं. काकांनी ती ऑफिसात आणून सर्व्हरवर तिची कॉपी केली, ती चालते का बघायला या मशीनच्या नसलेल्या खणात घातली आणि विसरले. त्याच संध्याकाळी खरी सीडी स्कूटरच्या डिकीत मोडली. कॉपीही आपण साफसफाईत पुसली, अशी त्यांची समजूत होती. आईला सांगितलं, सीडी रिपेरला दिलीय. त्या थापेला आता सहा वर्षं झाली होती.

‘गुरुवारी हेतलची, माझ्या पोरीची, हलद हाय,’ काका म्हणाले. ‘आयला आता धवल्यांची सुरुवात आठवते, मधला नाय आठवत. रोज विचारते, शीडी आली का. नातीच्या हलदीत अडली तर ती पुना तोंड उघडायची नाय.’

मला वाईट वाटलं. मीच ती फाइल जुन्या डब्यातून काढली, आणि नीट आहे ना बघायला लावली. मालूआजीचा आवाज खणखणीत लागला. पडद्यावर तिच्या मागे नखशिखांत हळद माखलेले, डोक्यावर पितळेची परात घेऊन नाचणारे जगनकाका. सगळं ऑफिस खुर्च्या सोडून आलं. काकांनी ते बंद केलं नाही. उलट आईला फोन लावून तो पडद्याजवळ धरला.

‘रिपेर झाली का रं?’ आजी म्हणाली.

‘झाली, आय.’

‘लय दिस लागले. पण मेकॅनिक बरा हाय. हलदीला बोलाव त्याला.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बाई हाय ती,’ ते म्हणाले.

गुरुवारी मी विचुंब्याच्या माझ्या घरून पिवळी साडी नेसून कोनला गेले. मालूआजी मांडवात पाटावर बसून गात होती, आणि काका तिच्या मागे उभे होते. परातीचं मी विचारलं, तर त्यांनी डोळे वटारले. त्यांच्या फोनवर ते रेकॉर्डिंग तयार असेल, असं मला वाटलं. एका धवळ्यात मध्येच आजी थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हेतलने मान वर केली.

काका वाकले आणि आईच्या कानात पुढची ओळ म्हणाले, चालीसकट. मग त्याच्या पुढचीही. फोन त्यांच्या खिशातच होता.